नळाला येतं ते पाणी

मागच्या अंकात मी काचेच्या टाकीत पाळायच्या डिस्कस माशांवर दोन पानं लिहिली आणि संपादकांनी खाली ‘वाचकांनी प्रश्न पाठवावेत’ अशी ओळ टाकली. ४१ पत्रं आली. एकाने तर मेलेल्या माशाचा फोटो पाठवून ‘याला काय झालं असेल?’ एवढंच विचारलंय. फोटोवरून मला फक्त तो मेला आहे हे कळलं. बाकीच्यांना जमेल तशी उत्तरं देते. मी मत्स्यशास्त्र शिकलेली नाही. डोंबिवलीत एका ज्युनियर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत २९ वर्षं सहायक होते, आणि २००६ पासून घरात डिस्कस आहेत. सासूबाई त्यांना ‘भाकऱ्या’ म्हणायच्या. आकार बघता चुकीचं नव्हतं.

प्रश्न : ताई, आमच्या नळाच्या पाण्याचा पीएच ७.७ येतो. दुकानदार म्हणतो की डिस्कसला ६ च्या खालीच लागतो. आरओ बसवा आणि या बाटलीतले दहा थेंब रोज टाका. तसं करू का? (पुणे)

बाटली परत करा. आरओचं नंतर बघू. (पीएच म्हणजे पाण्याची आम्लता सांगणारा आकडा. ७ मध्यम, त्याच्या खाली आम्लधर्मी.)

डिस्कस मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, हे खरं. योहान नाटरर नावाचा ऑस्ट्रियन माणूस १८१७ ते १८३५ ब्राझीलमध्ये हिंडला. त्याने रिओ निग्रो नदीतून पाठवलेल्या माशांवरून व्हिएन्नाच्या हेकेल या मत्स्यतज्ज्ञाने १८४० मध्ये याचं ‘सिम्फिसोडॉन डिस्कस’ असं बारसं केलं. त्या नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं, पालापाचोळा मुरून झालेलं. पीएच ४-५ च्या घरात आणि क्षार नावालाच. ‘६ च्या खाली’ हा आकडा तिथून निघाला आणि अजून फिरतोय. पण तुमच्या दुकानातल्या लाल-पिवळ्या माशाने रिओ निग्रो पाहिलेली नाही. त्याच्या कित्येक पिढ्या जर्मनीत, अमेरिकेत, थायलंड-मलेशियात काचेच्या टाक्यांत जन्मल्या, आणि तो स्वतः बहुतेक चेन्नईच्या कोळत्तूरला किंवा कोलकात्याच्या बाजूला, तिथल्या नळाच्या नाहीतर बोअरच्या पाण्यात वाढला. ७.७ त्याला चालतो. आज ६.२, परवा ७.४ आणि रविवारी पुन्हा ६, हे त्याला चालत नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, चार मासे मारून सांगतेय. २००८ साली मीही डोंबिवलीत ॲमेझॉन आणायला निघाले होते. चार फुटी टाकी, सहा डिस्कस, पाणी निव्वळ आरओचं, वर आम्लाचे थेंब. आरओच्या पाण्यात कार्बोनेट उरत नाही, म्हणजे आम्लाला अडवायला कोणी नाही. माशांच्या शी-शूमुळे आणि फिल्टरमधल्या जिवाणूंच्या कामामुळे आम्ल रोज थोडंथोडं तयार होतच असतं. एप्रिलमध्ये लग्नाला सांगलीला गेले. नऊ दिवसांनी आले तेव्हा पाणी काचेसारखं स्वच्छ होतं आणि पीएच बरोबर ५. मी खूश! फक्त पाणी जुनं झालंय म्हणून निम्मं काढलं आणि घाईत नळाचं घातलं. पीएच ७.२ झाला. दोन तासांत मासे वर येऊन तोंडं वासायला लागले आणि रात्रीपर्यंत चार गेले.

झालं होतं असं. माशांच्या घाणीतून विषारी अमोनिया तयार होतो. पीएच ६ च्या खाली गेला की तो खाणारे फिल्टरमधले जिवाणू मंदावतात, आणखी खाली गेला की जवळजवळ थांबतात. म्हणजे नऊ दिवस माझा फिल्टर नुसता घरघरत होता आणि पाण्यात अमोनिया साठत होता. पण आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियमच्या रूपात असतो, माशाला फारसा बाधत नाही. पीएच एका अंकाने वाढला की त्याचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. मी तो एका बादलीत २.२ अंकांनी वाढवला, म्हणजे दीडशे पट! ज्या बाईने २९ वर्षं पोरांना लिटमसचे कागद वाटले, तिने हे केलं. यजमान काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

(कोणाची टाकी आज या अवस्थेत असेल तर खाणं बंद ठेवा. ज्या आम्लधर्मी पाण्याची माशांना सवय आहे त्याच जातीच्या पाण्याने आधी अमोनियम पातळ करा. नळाचं पाणी त्यानंतर, तेही लोटा-लोटा, काही दिवस घेऊन.)

तुम्ही एवढंच करा. नळाचं पाणी बादलीत घेऊन लगेच पीएच मोजा आणि चोवीस तास उघडं ठेवून पुन्हा मोजा. पाइपातल्या दाबाखाली पाण्यात कार्बन डायऑक्साइड असतो, तो उडून गेला की पीएच वर सरकतो. दुसरा आकडा तुमचा खरा. कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या आकड्यावर आणि २८ ते ३० अंश तापमानावर टाकी स्थिर ठेवायची, आठवड्यातून दोनदा तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. माझ्याकडे उल्हास नदीचं पाणी येतं. पीएच ७.६, टीडीएस (विरघळलेले क्षार) १२० च्या आसपास. गेली सोळा-सतरा वर्षं त्यात काही घातलेलं नाही. क्लोरीन तेवढा काढते, त्याविषयी पुढे.

प्रश्न : बजेट ५,००० आहे. घरात दोन फुटी टाकी पडून आहे. सुरुवातीला दोनच डिस्कस आणू म्हणतो. कुर्ल्याच्या बाजारातून घ्यावेत का? कोणते निवडू? (पनवेल)

दोन आणलेत तर महिन्याभरात एक उरेल. त्याचं काय, हे मासे दिसतात संथ पण त्यांच्यात उतरंड असते. दोघांत एक दांडगा ठरतो आणि दिवसभर दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून ठेवतो, त्याला खाऊ देत नाही. सहा असले की मार वाटला जातो. आणि सहांना चार फुटी टाकी लागते. ४८ बाय १८ बाय २४ इंचांच्या टाकीत ३४० लिटर मावतं, वाळू-दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता तीनशे धरा. तेवढ्या पाण्याला मी एक ३०० वॉटचा हीटर न लावता १५० चे दोन लावते. हीटर बिघडतो तेव्हा बरेचदा चालूच राहतो. दीडशेवाला अडकला तर पाणी उकळायच्या आत तुमच्या लक्षात येतं.

म्हणून आत्ता ५,००० खर्चू नका. दोन फुटी टाकी आजारी माशांसाठी आणि नव्या माशांना वेगळं ठेवायला उपयोगी पडेल, ती विकू नका. नवा मासा चार ते सहा आठवडे तिच्यात. हो, एवढे. मीही कंटाळते.

बाजार कुर्ल्याचा असो की क्रॉफर्ड मार्केटचा, दुकानात गेल्यावर पहिल्यांदा रंग बघूच नका. डोळा बघा. अडीच-तीन इंचांच्या पिल्लाचा डोळा अंगाच्या मानाने मोठा, बटाट्यावर बटण शिवल्यासारखा दिसत असेल तर ते वयाने मोठं आणि वाढ खुंटलेलं आहे. घरी नेऊन कितीही खाऊ घाला, ते गोल होणार नाही. मग कपाळ बघा, समोरून धारदार नको, भरलेलं हवं. दोन्ही कल्ले हलतायत ना? एकच कल्ला उघडतो तेव्हा दुसऱ्यात बहुतेक कृमी असतात. शेवटी दुकानदाराला म्हणायचं, ‘यांना खायला घालून दाखवा.’ खाल्लं तर घ्या. कुरकुरला तर पुढचं दुकान. पिल्लू इवलंसं असून रंग झगझगीत असतील तर मी घेत नाही, ती रंगत बहुधा खाण्यातली किंवा हॉर्मोनची असते आणि सहा महिन्यांत उतरते.

प्रश्न : दर जुलै-ऑगस्टमध्येच आमचे मासे आजारी पडतात. बाकी वर्षभर उत्तम. पावसाळी हवेमुळे असेल का? (ठाणे)

हवेमुळे नाही, नळामुळे. पावसाळ्यात धरणात, नदीत गढूळ पाणी येतं. शुद्धीकरण केंद्रात तुरटी जास्त पडते आणि क्लोरीनही वाढवतात. आपल्या पोटासाठी ते चांगलंच आहे. पण माशाच्या कल्ल्यांची कातडी त्या क्लोरीनने भाजते, आणि फिल्टरमधले जिवाणू मरतात ते वेगळंच. तुम्ही जूनपर्यंत जी सवय लावून घेतलीत, म्हणजे पाइप लावला आणि थेट टाकीत सोडला, ती जुलैत नडते. शिवाय बाहेरचं पाणी तेव्हा चोवीस-पंचवीस अंश आणि टाकी एकोणतीसला. तोही धक्का.

माझ्या बाल्कनीत २०० लिटरचा निळा पिंप आहे. सकाळी पाणी आलं की भरते, आत हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा) आणि एक हीटर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते वापरते. पिंपाला जागा नसेल तर हायपो वापरा. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जुने फोटो स्टुडिओवाले ज्याने फिल्म पक्की करायचे तेच खडे. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. दर १० लिटर नव्या पाण्याला यातलं १ मिली. नळाला उग्र वास येत असेल त्या दिवशी २ मिली. माशांच्या दुकानात रंगीत बाटलीत ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून विकतात ते बहुधा हेच, फक्त पातळ आणि महाग.

सोसायटीतल्या पाण्याच्या टाक्या धुतल्याची नोटीस लागते ना, त्यानंतरचे दोन दिवस पाणी बदलूच नका. धुणारे ब्लीचिंग पावडर किती टाकतात ते त्यांनाच ठाऊक.

प्रश्न : मे महिन्यात टाकीचं पाणी ३४ वर जातं. बर्फाच्या बाटल्या सोडतो. बरोबर आहे ना? (नागपूर)

डिस्कस हा गरम पाण्याचा मासा आहे, ३२-३३ वर काही दिवस काढतो. तुमचा त्रास तापमानापेक्षा प्राणवायूचा आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० ला साडेसात, आणि पुढे अजून कमी. त्यात उन्हाळ्यात माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले. म्हणून हवेचा पंप दुप्पट करा, फिल्टरचं तोंड पृष्ठभागाकडे वळवा, टाकीवरची काच काढून जाळी टाका. एक छोटा टेबलफॅन पाण्यावरून वारा जाईल असा लावा. नागपूरच्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात, तुमच्या कूलरचं तत्त्व तेच. उडालेलं पाणी रोज भरून काढा. पण नुसती भर घालत राहिलात तर क्षार मागे राहून साठतात, म्हणून बदलणं सोडू नका. बर्फाने दुपारी ३४ चे २९ आणि रात्री पुन्हा ३३ होतात. त्यापेक्षा ३३ बरं.

वीज गेल्यावर काय, असं अमरावतीहून विचारलंय. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेवा, आणि वीज नसताना खायला घालू नका.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, टीडीएस ९५०. डिस्कस जगतील का? (लातूर)

जगवणारे आहेत, पण मी तुम्हाला तसं करायला सांगणार नाही. तुमच्यासाठी आरओ खरंच उपयोगाचं आहे. फक्त निव्वळ आरओचं नको, वर माझं काय झालं ते वाचलंत. तीन भाग आरओ आणि एक भाग बोअर मिसळलंत की २५० च्या आसपास याल, आणि बोअरमधलं कार्बोनेट पीएचला धरून ठेवेल. मात्र आरओ यंत्र जितकं पाणी देतं त्याहून जास्त फेकतं. ज्या गावाला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं तिथे हे करायचं का, ते तुम्ही ठरवा. तुमच्या पाण्यात आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड मासे विनातक्रार राहतील. तेही डिस्कसचेच चुलते, आणि रंगाला कमी नाहीत.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. घरात मांस-मासळी येत नाही. डिस्कसला पालक, मटार वगैरेवर ठेवता येईल का? (सांगली)

नाही हो. पण फक्त दाण्यांवर ठेवता येईल. डिस्कससाठी बनवलेलं चांगल्या प्रतीचं दाणेदार खाद्य डब्यात मिळतं, वास सोडला तर स्वयंपाकघराशी त्याचा संबंध येत नाही. लहानपणापासून त्याची सवय असलेले मासेच विकत घ्या, म्हणजे झालं. नुसत्या पालकावर हा मासा चाकूसारखा होईल.

जुने जर्मन पाळणारे गाईबैलाचं हृदय वाटून घालायचे. आपल्या राज्यात २०१५ च्या कायद्यानंतर तो विषय निघतच नाही, आणि मला तसंही ते कधी पटलं नाही. त्याची चरबी पाण्यावर तवंग धरते. मी करते ते असं : अर्धा किलो सोललेली कोलंबी, दोरा काढून, पाव किलो कुठल्याही पांढऱ्या माशाचं बिनकाट्याचं मांस, मूठभर उकडलेला पालक, चार लसूण पाकळ्या, दोन चमचे स्पिरुलिना (शेवाळाची पूड). सगळं मिक्सरला. बांधायला चायना ग्रास, खिरीत घालतो तो. प्लास्टिकच्या पिशवीत पापडाएवढं पातळ थापून फ्रीझरला टाकायचं आणि रोज तुकडा मोडायचा. या कामासाठी मिक्सरचं भांडं वेगळं.

आमच्याकडे श्रावणात या पिशवीवरून दरवर्षी वाद व्हायचा. शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात डबा, वर चिठ्ठी : ‘हे माशांचं जेवण. माणसांचा श्रावण आहे.’

ट्युबिफेक्स, म्हणजे दुकानात थाळीत वळवळणारा तो लाल गुंता, मात्र कोणी फुकट दिला तरी घालू नका. तो गटारांतून काढतात.

प्रश्न : एक मासा काळा पडलाय, कोपऱ्यात तोंड करून उभा असतो, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा. दुकानदाराने तीन औषधं दिली, तिन्ही घातली. फरक नाही. (कोल्हापूर)

तिन्ही एकदम? मग आता आजाराचा त्रास किती आणि औषधांचा किती, ते कोण सांगणार? निम्मं पाणी आज बदला, निम्मं उद्या, निम्मं परवा, फिल्टरमध्ये कोळसा (चुलीचा नाही, ॲक्टिव्हेटेड कार्बन) टाका आणि ती औषधं निघून जाऊ द्या.

पांढरी विष्ठा म्हणजे जंतू, असं लगेच धरू नका. चार दिवस उपाशी राहिलेला मासाही तशीच टाकतो, ते आतड्याचं नुसतं अस्तर असतं. बाकीचे पाच त्याला खाऊ देतायत का, हे खुर्ची टाकून अर्धा तास बघा. त्याला दोन फुटी टाकीत एकटा ठेवा, तापमान दिवसाला एक अंश करत ३२ वर न्या, हवा भरपूर द्या, रोज निम्मं पाणी बदला. माझ्याकडचे निम्मे ‘आजारी’ एवढ्यावर चौथ्या दिवशी खायला लागले.

तरीही खात नसेल, अंग बारीक होत असेल, डोक्यावर टाचणीएवढे खड्डे दिसत असतील, तर आतड्यात हेक्सामिटाच्या जातीचे जंतू असण्याची शक्यता मोठी. त्यावर मेट्रोनिडाझोल. ४० लिटरला २५० मिलिग्रॅम, रोज एकदा, आठवडाभर, प्रत्येक वेळी आधी पाणी बदलून. आता कोळसा काढून ठेवायचा, नाहीतर तोच औषध पिऊन टाकतो. मासा थोडं खात असेल तर खाण्यात मिसळून दिलेलं जास्त लागू पडतं, कारण जंतू पोटात आहेत. हे माणसांचंही औषध आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि मिळूही नये. जवळच्या पशुवैद्यकाला माशाचा व्हिडिओ दाखवून लिहून घ्या. माशांचं ऐकून घेणारा पशुवैद्य सापडायला मला तीन दवाखाने फिरावे लागले. तिसरे डॉक्टर हसले, पण त्यांनी लिहून दिलं.

प्रश्न : टाकी कोणत्या दिशेला ठेवावी? आणि संख्या विषम असावी का? (नाव-गाव नाही)

ज्या भिंतीवर थेट ऊन येत नाही आणि जिथे प्लग आहे त्या दिशेला. तीनशे लिटर म्हणजे तीनशे किलो, काच-दगड वेगळे, तेव्हा खाली भक्कम लोखंडी स्टँड. संख्या सहा, त्यातला एक दांडगा निघाला तर आपोआप विषम होते.

प्रश्न : आमच्या जोडीने चौथ्यांदा अंडी घातली आणि चौथ्यांदा खाल्ली. आता काय करावं? (चिपळूण)

या पत्राची मी वाट बघत होते.

आधी ती जोडीच आहे ना, ते बघा. डिस्कसमध्ये नर-मादी दिसण्यावरून कळत नाही, छातीठोक सांगणारे थापा मारतात. अंडी घालायच्या वेळी पोटाखाली नळी बाहेर येते तेवढीच खूण. नराची बारीक आणि टोकदार, मादीची जाड आणि बोथट. दोन माद्यासुद्धा जोडी करून अंडी घालतात. सगळी अंडी दुसऱ्या दिवशी पांढरी पडत असतील तर तसंच काहीतरी आहे, नाहीतर पाण्यात क्षार जास्त आहेत. मोठे मासे कडक पाण्यात राहतात, पण अंड्यांचं तसं नाही, कडक पाण्यात ती नीट फळत नाहीत. चिपळूणचं पाणी तुम्ही मोजून कळवा, माझ्या अंदाजाने तो प्रश्न तुम्हाला नसावा.

अंडी फळत असतील आणि तरी खात असतील तर ते नवशिके आई-बाप आहेत. माझ्या जोडीने सहा वेळा खाल्ली. रात्री पूर्ण अंधार करू नका, शून्याचा दिवा ठेवा, अंधारात ते घाबरतात आणि सगळं गिळून टाकतात. टाकी रिकामी हवी, आत फक्त उलटी ठेवलेली मातीची कुंडी. तीन बाजूंना कागद लावा. आणि दर तासाला जाऊन बघणं बंद करा! नाहीच जमलं तर कुंडीभोवती अंड्यांपासून अर्धा इंच सुटा राहील असा जाळीचा नळा घाला. त्यांना अंडी दिसतात, पंखांनी वारा घालता येतो, पण तोंड पोचत नाही.

साधारण साठ तासांनी अंडी फुटतात. पिल्लं आधी कुंडीलाच चिकटून शेपट्या हलवत असतात, आणखी अडीच-तीन दिवसांनी सुटी होतात. मग जे होतं त्याच्यासाठी मी एवढी वर्षं पाणी भरतेय. आई-बापाचा रंग गडद होतो, अंगावर जादा साय, म्हणजे बुळबुळीत थर, धरते, आणि पिल्लं जाऊन त्यांच्या कुशीला चिकटून ती साय खातात. हो, दोघांच्याही, बापाच्यासुद्धा. शंभर-दीडशे टाचण्या चिकटल्यासारखा मासा दिसतो. एक दमला की अंगाला हिसका देतो, पिल्लांचा ढग हवेत उडाल्यासारखा सुटतो आणि दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसतो. २०१२ च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी यजमानांना रात्री अडीचला उठवलं होतं. ते म्हणाले, ‘अगं, हा तर पाळी लावून पाजतोय.’ आमच्या दोन्ही मुलांच्या वेळी यांची पाळी कधी आली नव्हती, हे मी तेव्हा बोलले नाही. आत्ता लिहितेय.

पिल्लं सुटी झाल्यावर चार-पाच दिवसांनी ताजी उबवलेली आर्टिमिया (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवाची बारीक पिल्लं) द्यायला लागा, आणि दोन-तीन आठवड्यांनी आई-बापापासून वेगळी करा. तोवर मोठ्यांची अंगं ओरबाडून निघालेली असतात.

आणखी एक करून बघा. ॲमेझॉनला पूर येतो, ब्राझीलच्या मानाउस शहरापाशी नदी वर्षाकाठी दहा-दहा मीटर चढते-उतरते, आणि नवं थंड पाणी आलं की जंगलात शिरून मासे वीण करतात. पाणी बदलताना टाकीपेक्षा दोन अंश थंड, क्लोरीन काढलेलं, निम्मं पाणी द्या. पहिला मोठा पाऊस सुरू असताना केलंत तर फारच छान. माझ्या वहीतल्या नोंदी बघितल्या तर बहुतेक वेळा अंडी जून ते सप्टेंबरातच आहेत. ठाण्याच्या वाचकांना वर मी नेमकं उलटं सांगितलंय याची मला कल्पना आहे. त्यांचे मासे आजारी आहेत, तुमचे माजावर आहेत.

प्रश्न : मी सहावीत आहे. मला एंजल आणि डिस्कस एकत्र ठेवायचेत. आई म्हणते आधी गप्पी जगवून दाखव. (सातारा)

एंजल डिस्कसपेक्षा चपळ असतो, सगळा खाऊ आधी संपवतो. शिवाय त्याच्या कल्ल्यांत कृमी असले तरी त्याला काही होत नाही आणि डिस्कस आजारी पडतो. एकत्र नको. डिस्कसबरोबर कार्डिनल टेट्रा हे छोटे मासे ठेवता येतात. काच चाटणारा मोठा प्लेको मात्र नको, तो रात्री डिस्कसच्याच अंगावरची साय चाटतो.

गप्पींपासून सुरू कर, ते सोपे असतात. एक वही कर. दर रविवारी नळाच्या पाण्याचा पीएच, टाकीच्या पाण्याचा पीएच आणि तापमान, असे तीन आकडे लिही. पावसाळा, दिवाळी आणि उन्हाळा, तिन्ही त्या वहीत आले की मला फोटो पाठव, मग डिस्कसबद्दल तुझ्या आईशी मी बोलते. आणि गप्पींना भात घालू नकोस.